मागच्या सीटचं नवं कव्हर

विलास भावोजी पिशवीतलं दूध आधी हुंगायचे, मग चमच्यात घेऊन खिडकीच्या उजेडात धरायचे आणि त्यानंतर माझ्या बहिणीला चहा ठेवायला सांगायचे. दूध चांगलं निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. मला राग यायचा तो त्या उतरलेल्या चेहऱ्याचा. कुणी फसवलं नाही म्हणून खट्टू होणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

मी जितेंद्र. यमुनाताई माझी थोरली बहीण आणि भावोजी तिचे यजमान. गोरेगावला एका औषधांच्या कंपनीचं गोडाऊन ते सांभाळायचे. बाहेरून आलेला माल मोजायचा, खोकं फोडून बघायचं आणि मगच सही करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कंपनीच्या दृष्टीने असा माणूस म्हणजे लाखातला एक. पण घरी आल्यावरही ते खोकी फोडतच राहायचे. भाजीवाली असो, पोस्टमन असो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी, माणूस समोर आला की भावोजी आधी त्याचं सील शाबूत आहे का ते बघणार.

ताई म्हणते, लग्न झालं तेव्हा ते असे नव्हते. परळची खोली सोडून विरारकडे बोळिंजला फ्लॅट घेतला, तिथून हे सुरू झालं. फ्लॅट दाखवताना बिल्डरने स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला होता. धो धो पाणी आलं. राहायला आल्यावर कळलं, की त्या दिवशी सकाळी वरची टाकी टँकरने भरून घेतली होती आणि पाण्याची लाइन इमारतीपर्यंत आलेलीच नव्हती. भावोजींनी भिंती ठोकून पाहिल्या होत्या, फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला होता, कागद वकिलाला दाखवले होते. फक्त पाण्यावर तेवढा विश्वास ठेवला. पुढे कित्येक वर्षं घरात टँकरचं पाणी भरलं गेलं आणि भावोजींनी कानाला खडा लावला.

ठीक आहे. फसलेला माणूस सावध होतो, त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी माझ्या बहिणीच्या गुडघ्यांवर संशय घ्यायची काय गरज होती, हे मला आजही कळत नाही.

ताई गासच्या शाळेत शिकवायची. पहिली-दुसरीचे वर्ग, कलकलाट करणारी पोरं, आणि त्या कलकलाटात ती अगदी खुशीत असायची. संधिवाताने आधी तिची बोटं धरली, मग मनगटं, मग गुडघे. शेअर रिक्षात चढताना ती दोन्ही हातांनी दांडा धरायची, मागची माणसं खोळंबायची आणि रिक्षावाला घाई करायचा. शेवटी तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. तेव्हापासून ती तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत अडकली. महिन्यातून एकदा वसईच्या डॉक्टरकडे जायचं, तेवढंच काय ते बाहेर पडणं.

भावोजींना पहिला संशय डॉक्टरचा. तो गोळ्यांवर कमिशन खातो म्हणे. मग तो संशय हळूहळू ताईवर सरकला. रक्ताच्या तपासणीत फारसं काही निघालं नाही, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की हे दुखणं मनाचं असावं, शाळेचा कंटाळा आला असेल. एकदा मी घरी गेलो तर दाराजवळ जमिनीवर वर्तमानपत्र पडलेलं. उचलायला वाकलो तर ताई म्हणाली, राहू दे, त्यांनी मुद्दाम टाकलंय, घरात कुणी नसताना मी वाकते की नाही ते बघायला. ती हे हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. मी तो पेपर उचलला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला.

गाडीचा विषय मीच काढला. मी एका एजन्सीचा टेम्पो चालवतो, त्यामुळे गाड्यांतलं थोडंफार कळतं. भावोजी नुकतेच निवृत्त झाले होते. लाखाच्या आत जुनी मारुती आठशे आरामात मिळेल, भावोजी शिकेपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी चालवीन, ताईला दार उघडून बसता येईल आणि दार उघडून उतरता येईल, असं मी सांगितलं.  दुसऱ्या दिवशी गेलो तर तिच्या बाहेर नेसायच्या साड्या दोरीवर वाऱ्याला टाकलेल्या दिसल्या, कपाटाचा वास जावा म्हणून. त्या पाहून मी मनाशी ठरवलं, की गाडी घ्यायचीच.

साल मात्र वाईट निवडलं गेलं. दोन हजार पाच. जुलैच्या पुरात मुंबईपासून इकडे कितीतरी गाड्या छपरापर्यंत पाण्यात गेल्या होत्या, आणि गणपतीनंतर त्याच गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून विकायला उभ्या होत्या. भावोजींना तर कुरणच मिळालं. त्यांनी एक लोहचुंबक पैदा केलं. ते रुमालात गुंडाळून गाडीच्या अंगावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, ठोकर लागलेल्या जागी भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, आहे. मग पायाखालची मॅट उचलायची, तेलाचं झाकण उघडून वास घ्यायचा, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा.

नालासोपाऱ्याच्या एका दलालाने दाखवलेल्या गाडीत त्यांनी असाच पट्टा ओढला. पट्टा वरवर चकाचक होता, पण आत गुंडाळलेल्या भागावर वाळलेल्या गाळाची रेघ निघाली. दलाल म्हणाला, चहा सांडला असेल. भावोजी इतके खूष झाले, की घरी जाताना त्यांनी मला उसाचा रस पाजला. त्या दिवशी ते बरोबर होते, हे मी नाकारत नाही. नुकसान एवढंच झालं, की त्यानंतर त्यांना प्रत्येक पट्ट्यात गाळ दिसायला लागला.

विरारच्या एका बँकेतल्या साहेबांची गाडी खरंच चांगली होती. सगळी बिलं फायलीत लावलेली. भावोजी बाहेर येऊन म्हणाले, इतकी बिलं कोण जपून ठेवतं, हा माणूस पुढच्या भांडणाची तयारी करून बसलाय. दुसऱ्या एकाकडे एकही बिल नव्हतं, तेव्हा तो लपवतोय. धुतलेली गाडी दिसली की ही आजच का धुतली, आणि धुळीने भरलेली दिसली की धुळीखाली काय दडवलंय. चालवायला मीच, पण बाजूला बसून ते कान गिअरबॉक्सवर ठेवायचे. स्वतःला गाडी चालवता येत नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही. गोडाऊनमधलं औषध पण मी खात नव्हतो, म्हणायचे.

दिवाळी गेली. नाताळ गेला. ताईच्या साड्या परत कपाटात गेल्या. तिने एकदाही विचारलं नाही, की आज बघितलेली कशी होती. मी मात्र भावोजींना तोंडावर म्हणालो, की तुम्हाला गाडी घ्यायचीच नाही, ताईला घरात ठेवायचंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कुणीतरी फितवलंय.

जानेवारीत मी भुईगावला माल टाकायला गेलो होतो. चिंचोळ्या रस्त्यावर टेम्पो मागे घेताना एका फाटकावर खडूने लिहिलेली पाटी दिसली, गाडी विकणे आहे. घर सिप्रियन नावाच्या गृहस्थांचं होतं. शाळेत सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले होते. घरात ते आणि त्यांची बायको लुसी, दोघंच. दारात नाताळचा कंदील अजून लटकत होता, मागे केळीची बाग, आणि झावळ्यांच्या मांडवाखाली जुन्या चादरी पांघरून पांढरी आठशे उभी होती. ठाण्याचा नंबर, एकच मालक. सिप्रियन किंमत वाजवी सांगत होते. मी रविवारी भावोजींना घेऊन गेलो.

लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. दारांना, बॉनेटला, मडगार्डला. पट्टा शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. तेल ठीक, धूर नाही, मॅटखाली समुद्रावरच्या चार वाळूच्या कणांशिवाय काही नाही. भावोजींचा चेहरा उतरायला लागला होता, तेवढ्यात ते मागचं दार उघडून थांबले. पुढच्या दोन सीटांची कव्हरं उन्हाने विटलेली होती. मागच्या सीटचं कव्हर कोरं करकरीत होतं.

हे एकच नवं कसं, असं त्यांनी विचारलं. सिप्रियननी लुसीबाईंकडे पाहिलं. लुसीबाई त्यांच्या घरच्या बोलीत हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या, सिप्रियन त्याच बोलीत तुटकपणे काहीतरी म्हणाले, आणि मग आमच्याकडे वळून त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, की जुनं खराब झालं होतं. कशाने, तर असंच.

परतीच्या वाटेवर भावोजींची कळी खुलली होती. गाडी पाण्यात गेली असती तर पुढची कव्हरंही गेली असती, तेव्हा पाणी नाही. मग काय? चोरीचा माल वाहिला असेल. कुणाला तरी मारून नेलं असेल. मी म्हणालो, की भुईगावात सुतारकाम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने माणूस मारला असता तर आतापर्यंत गावभर झालं असतं. त्यावर ते म्हणाले, गाव आपल्या बोलीत बोलतं, आपल्याला कसं कळणार.

पुढच्या रविवारी परत. या खेपेला त्यांनी मागची सीट उचलून खाली हात घातला. काही नाही. मग मीटर बघून विचारलं, की गेल्या वर्षात गाडी जवळजवळ फिरलेलीच नाही, ती का? सिप्रियन म्हणाले, आम्ही फारसे कुठे जात नाही. दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की मी इंजिन चालू करतो, थोडा वेळ ठेवतो, बंद करतो. फाटकाबाहेर काढत नाही? नाही. का नाही? पुन्हा नवराबायको एकमेकांकडे बघून त्यांच्या बोलीत बोलले. या वेळी लुसीबाईंचा आवाज जरा चढला आणि त्या आत निघून गेल्या.

भावोजींच्या दृष्टीने निकाल लागला. ज्यांना इतकं चांगलं मराठी येतं ते मधेच भाषा बदलतात ती लपवायलाच, असं त्यांचं म्हणणं. मी वैतागून म्हणालो, की आमची आईसुद्धा पाहुण्यांसमोर गावच्या बोलीत बोलायची. ‘हो, आणि तेव्हा घरातली साखर संपलेली असायची,’ भावोजी म्हणाले.

हे सगळं त्यांनी घरी ताईला रंगवून सांगितलं. ताई ऐकत होती. मग म्हणाली, की ती बोली मला येते. गासच्या शाळेत निम्मी पोरं पहिल्या दिवशी तीच बोलत यायची, त्यांच्याकडूनच ती शिकली होती. भावोजी ताटावरून अर्धे उठले. दोन वर्षांत ज्या माणसाने तिच्यासाठी कधी अख्खी रिक्षा केली नव्हती, त्याने लगेच रविवारची रिक्षा सांगितली, जाऊन-येऊन, तिथे थांबण्यासकट. तिला बजावलं, की बोली येते असं दाखवायचं नाही, नुसतं ऐकायचं. कशासाठी का होईना, बहीण घराबाहेर पडतेय म्हणून मी जीभ आवरली. तिने निळी साडी नेसली. भुईगावच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तिचा हात माझ्या दंडावर आवळत होता आणि भावोजी पुढे ड्रायव्हरला टेकून बसले होते, मीटरवर डोळा ठेवून.

लुसीबाईंनी तिला ओट्यावर खुर्ची दिली. चहा आणि करंज्या आणल्या. भावोजींनी दोन घोट घेतले आणि सरळ तोच प्रश्न पुन्हा काढला, मागचं कव्हर कशाने खराब झालं. लुसीबाई नवऱ्याकडे वळून बोलायला लागल्या. सिप्रियन मान हलवून नको नको करत होते. बोलणं बराच वेळ चाललं, पण दोघांपैकी कुणी आवाज चढवला नाही. मला त्यातला एक शब्द कळला नाही. भावोजींचे डोळे ताईच्या तोंडावर खिळलेले. ताईने हातातला कप बशीत ठेवला. भावोजींकडे तिने पाहिलंच नाही. ती लुसीबाईंकडे वळली आणि त्यांच्याच बोलीत काहीतरी म्हणाली.

लुसीबाई आधी दचकल्या. मग उठून तिच्याजवळ स्टुलावर येऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. पण दाबला नाही. सुजलेली बोटं पाहून त्यांनी आपला तळवा खालून नुसता आधाराला धरला. त्या घरात येऊन ताईला अर्धा तासही झाला नव्हता.

‘ह्यांचा मुलगा, पॉल, त्या सीटवर गेला,’ ताई भावोजींना म्हणाली. ‘मागच्या वर्षी, दवाखान्यात नेताना. लुसीबाई म्हणतात, घेणाऱ्याला सांगून टाका. हे म्हणतात, याआधी दोघांना सांगितलं तर ते चहाही न घेता निघून गेले.’

मी मान खाली घातली. गेले दोन रविवार आम्ही त्याच सीटमध्ये गोम शोधत होतो. आता भावोजी तरी माफी मागतील, निदान गप्प बसतील, असं मला वाटलं. पण खोड ती खोड.

‘मग गाडी वाटेत बंद पडली होती का?’ त्यांनी विचारलं.

लुसीबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, भावोजींना हाताला धरून फाटकाबाहेर न्यावं. सिप्रियन मात्र रागावले नाहीत. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा, आणि कुणीतरी विचारावा म्हणून ते थांबले असावेत, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘गाडी पहिल्या चावीला चालू झाली. कुठे थांबली नाही. उशीर मी केला. छातीत दुखतंय म्हणून तो सकाळपासून सांगत होता. त्याला नवी नोकरी आवडत नव्हती. मला वाटलं, कामावर जायचं नाही म्हणून करतोय. दुपारभर त्याला म्हणत होतो, नाटक बंद कर.’

 लुसीबाई त्यांच्या खांद्याला हात लावून उभ्या राहिल्या. ‘गाडीत काही खोट नाही, साहेब,’ ते म्हणाले. ‘तुम्ही खुशाल घ्या.’

मी भावोजींकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांची दया आली नाही, उलट बरं वाटलं. ते ताईच्या हाताकडे बघत होते, तिच्या मांडीवर ठेवलेल्या, सरळ न होणाऱ्या बोटांकडे.  मग त्यांनी खिशातून विसाराचे पैसे काढून सिप्रियनच्या पुढे ठेवले. भाव करायचा राहिला, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

कागद उद्या करू असं ठरलं. सिप्रियन म्हणाले, बाईंना परत रिक्षात बसवू नका, गाडी आजच घेऊन जा. उरलेले पैसे न घेता, सह्या न करता चावी हातात देणारा माणूस पाहिल्यावर एरवी भावोजींनी दहा शंका काढल्या असत्या. त्यांनी मुकाट्याने चावी घेतली आणि मला दिली. थांबलेल्या रिक्षावाल्याला पैसे देऊन पाठवलं, तेही न मोजता.

लुसीबाईंनी आरशाला लावलेली जपमाळ सोडवून घेतली आणि ताईसाठी पुढचं दार उघडलं. ताई म्हणाली, मी मागे बसते. लुसीबाईंनी एकदा तिच्याकडे नीट पाहिलं, मागचं दार उघडलं आणि ताई आत सरकेपर्यंत तिचे पाय दोन्ही हातांनी सावरून धरले. मी इंजिन चालू केलं. भावोजी नेहमी माझ्या शेजारी बसतात. त्या दिवशी ते पलीकडून जाऊन मागे, ताईच्या बाजूला बसले. फाटक ओलांडताना सिप्रियन कुठे दिसले नाहीत, आत गेले असावेत.

रस्ता तसाच खड्ड्यांचा होता. गाडी छान चालत होती, पण कितीही हळू नेली तरी बसायचे ते दणके बसतच होते. दोन-तीन दणक्यांनंतर मागून भावोजींचा आवाज आला. घसा खाकरून, अगदी हळू.

‘फार दुखतं का गं?’

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ताई आता रडेल, किंवा हो म्हणेल, असं मला वाटलं. मी आरशात पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, बारीक डोळे करून.

‘का?’ ती म्हणाली. ‘कशासाठी विचारताय?’